अब्ज हास्यांचा हल्ला

संगणक बंद पाडायचा तर विषाणूच हवा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जेमतेम एक किलोबाइटची मजकुराची फाइलही ते काम करू शकते. ‘बिलियन लाफ्स’, म्हणजे ‘अब्ज हास्ये’, या नावाचा हल्ला नेमका असाच आहे.

‘एक्सएमएल’ ही संगणकांमधील माहितीच्या देवाणघेवाणीची १९९८ पासूनची प्रमाणित लेखनपद्धती. असा मजकूर वाचून त्याची फोड करणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘पार्सर’ म्हणतात. वारंवार येणाऱ्या मजकुराला या पद्धतीत लघुनाव देता येते. करारनाम्यात पक्षकाराचे नाव एकदा देऊन पुढे ‘लिहून देणार’ एवढेच म्हणावे, तसेच हे. लघुनाव दिसले की पार्सर तेथे मूळ मजकूर भरतो.

मेख अशी, की एका लघुनावाच्या व्याख्येत दुसरे लघुनावही चालते. हल्लेखोर पहिल्या नावाला हसण्याची खूण असलेली ‘लोल’ ही तीन रोमन अक्षरे देतो. दुसरे नाव म्हणजे पहिले दहा वेळा, तिसरे म्हणजे दुसरे दहा वेळा. अशा नऊ पायऱ्यांनंतर एका नावाची एक अब्ज हास्ये होतात. ती साठवायची तर सुमारे तीन गिगाबाइट स्मृती हवी. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्याची गोष्ट आठवावी. येथे तर दसपट वाढ आहे.

यात माहितीची चोरी होत नाही. मात्र सर्व्हर त्या एका फाइलमध्ये गुंततो आणि इतरांची कामे खोळंबतात. यालाच ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात.

गंमत म्हणजे पार्सर नियमानुसारच वागत असतो. म्हणूनच दुरुस्ती अवघड ठरली. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेला ‘एक्सपॅट’ हा पार्सर पायथॉन भाषेसह असंख्य ठिकाणी वापरला जातो. त्यातील ही त्रुटी २०१३ च्या क्रमांकाने नोंदली गेली. तिच्यावर अंगभूत उपाय आला तो थेट मे २०२१ मध्ये, २.४.० या आवृत्तीत. लघुनावांचा प्रामाणिक वापरही असतो, मग मर्यादा कोठे आखायची? एक्सपॅटने गुणोत्तर धरले. विस्तार आठ मेगाबाइटपर्यंत असेल तर हरकत नाही. त्यापुढे तो मूळ मजकुराच्या शंभरपटीहून अधिक झाला, की काम थांबते.

अनेक प्रोग्रॅम मात्र पार्सरची स्वतंत्र प्रत पोटात घेऊन येतात. नवी आवृत्ती निघाली तरी ती जुनी प्रत आपोआप बदलत नाही. त्या त्या निर्मात्यालाच ती बदलावी लागते.