‘बंदुकीला हात लावू नको’ हे मुलांना सांगून भागते का?

कोकणात घरात बंदूक असलीच तर ती बहुधा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची असते. खारपट्ट्यातल्या गावात ती सहसा दिसणार नाही. पण डोंगराकडच्या गावांत रानडुकरे, माकडे हाकायला काही शेतकरी ती बाळगतात. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, एरवी घरातच असते. मे महिन्यात आजोळी गेलेल्या मुलांना काय सांगायचे?

अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेने 1988 मध्ये ‘एडी ईगल’ हा कार्टून गरुड पुढे आणला. तो लहान मुलांना चार गोष्टी शिकवतो: थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. सूचना सोप्या आहेत, मुलांच्या पटकन पाठ होतात. अडचण पुढे येते.

2001 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत सोडले. एका खणात पाण्याची पिस्तुले होती, दुसऱ्यात खरे पिस्तूल. 29 पैकी 21 गटांना खरे पिस्तूल सापडले, 16 गटांनी ते हाताळले आणि 10 गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. हाताळणाऱ्या बहुतेकांना बंदुकीच्या धोक्याची शिकवण आधी मिळालेली होती. पिस्तूल सापडलेल्या जवळपास निम्म्या मुलांना तर ते खरे की खेळण्यातले, हेच कळले नव्हते.

पाठ केलेला नियम कुतूहल आणि सोबत्यांची चिथावणी यांपुढे टिकत नाही. टीकाकारांचा दुसरा आक्षेप हेतूवर आहे. 1997 मध्ये व्हायोलन्स पॉलिसी सेंटर या अमेरिकी संस्थेने एडीची तुलना सिगारेटच्या जाहिरातीतल्या ‘जो कॅमल’ या कार्टून उंटाशी केली: सुरक्षिततेच्या नावाखाली उद्याचे गिऱ्हाईक तयार करायचे. 2022 मध्ये मुलांच्या मापाची ‘जेआर-15’ रायफल बाजारात आली, तेव्हा हा आक्षेप पुन्हा ऐकू आला.

मुलांना सूचना जरूर द्यावी, पण भरवसा कुलपावर ठेवावा. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात ते असे: बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना सापडणार नाही अशी. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल घेताना ते खऱ्यासारखे दिसणारे घेऊ नका. मुलाला नातेवाइकांकडे पाठवताना ‘बंदूक कुलपात आहे ना?’ असे विचारायला संकोच करू नका. ही जबाबदारी मोठ्यांची आहे, आठ वर्षांच्या मुलाची नाही.