पापणीची दुखापत टक्क्यांत कशी मोजतात?

अमेरिकेत लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांना ‘व्हेटरन्स अफेअर्स’ हे सरकारी खाते दरमहा करमुक्त भरपाई देते. दृष्टी शाबूत असली आणि पापणीच बिघडली असली, तरीही दावा करता येतो.

अर्ज 21-526ईझेड या फॉर्मवर करायचा. त्यात सर्वसाधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज असलेला विकार, सेवाकाळातली घटना किंवा दुखापत आणि या दोन्हींना जोडणारा वैद्यकीय पुरावा. हा संबंध असण्याची शक्यता निदान निम्मी असली तरी पुरते. त्यानंतर खाते डोळ्यांची तपासणी करवून घेते.

मग टक्केवारी ठरते, ती पापणीचे कोणते काम बिघडले त्यावरून. समजा, चेहरा भाजला. व्रण आकसून खालची पापणी बाहेर ओढली गेली, तर डोळ्यातून पाणी वाहत राहते. पापणी आत वळली, तर तिचे केस बुबुळावर घासतात. डोळा पुरता मिटत नसेल, तर झोपेतही तो कोरडा पडतो. या तिन्ही विकारांचा दर सारखाच आहे: एका डोळ्याला 10 टक्के, दोन्ही डोळ्यांना 20. पापणीचे केस किंवा भुवया पूर्ण गेल्या, तर प्रत्येकी 10 टक्के. एक बाजू असो वा दोन्ही.

खाली उतरलेल्या पापणीला मात्र ठरावीक आकडा नाही. तिच्यामुळे दृष्टीला किती अडथळा येतो ते पाहतात. अडथळा नसेल, तर चेहऱ्याच्या विद्रूपतेचा निकष लागतो. पापणीचा काही भाग किंवा ती पूर्णच गेली असेल, तर दृष्टिदोष आणि विद्रूपता यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे होते. पण एकाच लक्षणासाठी दोनदा टक्के मिळत नाहीत.

वेगवेगळे टक्के सरळ बेरजेने जोडत नाहीत. 30 आणि 10 असतील, तर 30 वजा केल्यावर उरलेल्या 70चे 10 टक्के, म्हणजे 7 धरायचे. एकूण 37, जवळच्या दहाच्या पटीत ते 40 होतात.

निर्णय पटला नाही, तर वर्षभरात नव्या पुराव्यासह पुरवणी दावा, वरिष्ठांकडून फेरतपासणी किंवा खात्याच्या अपील मंडळाकडे दाद असे तीन मार्ग आहेत. तशी वेळ येऊ नये म्हणून तपासणीच्या वेळी ‘पापणीला जखम झाली’ एवढेच सांगून थांबू नये. डोळा मिटतो का, केस टोचतात का, समोरचे झाकले जाते का, हे एकेक करून नोंदवून घ्यावे. टक्के त्या नोंदींवरूनच ठरतात.