बसने गाठावी अशी दलदल: एस्टोनियातलं वीरू राबा

टॅलिनच्या बसस्थानकातून लोक्साकडे जाणारी बस नार्वा महामार्गाला लागते आणि साधारण पन्नास किलोमीटरवर ‘लोक्सा तेए’ नावाच्या थांब्यावर आपल्याला उतरवून पुढे निघून जाते. आजूबाजूला गाव नाही, हॉटेल नाही, चहाची टपरी तर नाहीच. दुतर्फा पाइनचं जंगल. तिथून किलोमीटरभर चाललं की वाहनतळ, माहितीचा फलक आणि जंगलात शिरणारी वाट दिसते. तिकीटखिडकी शोधू नका, इथे तिकीटच नाही. एस्टोनियातल्या अशा बहुतेक वाटा सरकारी वनसंस्था सांभाळते आणि त्या सर्वांना मोफत खुल्या असतात.

सुरुवातीची वाट जुन्या वाळूच्या टेकाडांवरून, उंच पाइनच्या झाडीतून जाते. मग झाडं एकदम खुजी होतात, आकाश मोठं होतं आणि पायाखाली माती उरत नाही, फळ्या येतात. वीरू राबा म्हणजे वीरूची दलदल. ही लाहेमा राष्ट्रीय उद्यानात येते. १९७१ साली स्थापन झालेलं लाहेमा हे सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. वाट एका बाजूने साडेतीन किलोमीटरची आहे. गोल फिरून परत यायचं ठरवलं तर सहाच्या आसपास पडते. वाटेवर दलदल पाहण्यासाठी एक मनोरा आहे. तिथपर्यंतचा टप्पा रुंद बांधलेला आहे, त्यावरून चाकाची खुर्ची आणि बाबागाडीही जाते. मला या वाटेचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याच गोष्टीचं. गुडघे कुरकुरणाऱ्या आजीलाही जिथे नेता येतं अशी रानवाट आपल्याकडे किती ठिकाणी आहे?

या फळ्या आपले बूट भिजू नयेत एवढ्यासाठीच टाकलेल्या नाहीत. खाली स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा जाड थर असतो, लाल, पिवळा, पोपटी. त्यावर पाय दिला तर ते कापसाच्या गादीसारखं दबतं आणि पाऊल पाण्यात जातं. माणूस पाय काढून घेतो, पण तुडवलेलं शेवाळ सावरायला वर्षं लागतात. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं आणि आजूबाजूचं पाणी आम्लधर्मी करतं. त्या आम्लात, हवेवाचून, मेलेली वनस्पती नीट कुजत नाही. ती साचत जाते. या साचलेल्या थराला पीट म्हणतात आणि तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. म्हणजे एक मीटर खोल गेलात की तुम्ही हजारेक वर्षं मागे गेलात. शेवटच्या हिमयुगातले बर्फाचे थर वितळून मागे हटले त्यानंतर या दलदलींची घडण सुरू झाली. पीट साचत साचत मधला भाग कडांपेक्षा उंच होतो, मग झऱ्याचं किंवा ओढ्याचं पाणी तिथवर चढत नाही. राबाला पाणी मिळतं ते फक्त आकाशातून.

लाकडी मनोऱ्यावर चढलं की हे सगळं एका नजरेत येतं. खाली लहानमोठी तळी विखुरलेली असतात, चहाच्या रंगाच्या पाण्याची. हा रंग घाणीचा नाही, पीटमधून उतरलेला आहे. त्यात मासे जवळपास नसतातच. एस्टोनियन लोक मात्र अशा तळ्यांत हौसेने पोहतात, तळाला घट्ट जमीन नसतानाही. आपण काठावरून बघावं हे उत्तम.

फळीवर उकिडवं बसून शेजारच्या शेवाळाकडे पाहिलं तर खरी गंमत सुरू होते. नखाएवढं गोल पान, त्याच्या कडेने लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब. हे ड्रॉसेरा, म्हणजे आपलं दवबिंदू. एखादं चिलट त्या थेंबाला चिकटलेलं असतं आणि केस हळूहळू त्याच्यावर वाकत असतात. कास पठारावर गेलेल्यांना हे झाड नवं नाही. जाती वेगळ्या, पण कुळ एकच आणि कारणही एकच. कासच्या खडकावरची माती पातळ आणि नत्राला महाग, इथल्या पावसाच्या पाण्यातही नत्राचा तुटवडा. मुळांना जे मिळत नाही ते पान किड्यांकडून वसूल करतं. कासला माणसांची पावलं हीच मोठी अडचण झाली, तेव्हा तिथे रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली. इथे तोच प्रश्न फळ्यांनी बराचसा सोडवला आहे. पठारावर फुलांच्या मधोमध बसून फोटो काढणाऱ्या मंडळींना एकदा इथे आणायला हवं.

याच उपासमारीमुळे इथली पाइनची झाडं खुरटी राहतात. मनगटाएवढ्या जाडीचं, आपल्या उंचीचं झाड शंभरी ओलांडलेलं असू शकतं. त्यांच्या पायाशी पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत, शरदात क्रॅनबेरी आणि उग्र वासाचं एक झुडूप वाढतं. हे झुडूप फुललं की त्या वासाने डोकं धरतं, असं तिथले लोक सांगतात.

एस्टोनियाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक जमिनीवर पीट आहे. असं असताना ही दलदल शाबूत राहिली, याचं श्रेय निसर्गाइतकंच माणसांना द्यावं लागतं. सोव्हिएत काळात दलदली म्हणजे वाया गेलेली जमीन, असा सरकारी हिशेब होता. चर खणायचे, पाणी काढून टाकायचं, पीट उपसून जाळायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही शास्त्रज्ञांनी याविरुद्ध लिहायला सुरुवात केली. तार्तूचे वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर मासिंग त्यांत आघाडीवर होते. सरकारी योजनेला उघड विरोध करणं त्या राजवटीत सोपं नव्हतं. तरी वाद चालत राहिला. लोकांनी त्याला ‘दलदलींचं युद्ध’ असं नाव दिलं आणि १९८१ साली तीसेक दलदली संरक्षित म्हणून जाहीर झाल्या.

त्या युद्धात काय वाचलं ते मनोऱ्यावरून दिसतं. काय गेलं तेही याच परिसरात पाहायला मिळतं. दलदलीच्या एका कडेला पीट उपसून सोडून दिलेली सपाट, काळपट जमीन आहे. मला विचाराल तर हा भाग टाळू नये. शेवाळ नाही, तळी नाहीत, मधूनमधून बर्चची रोपटी. पीट कोरडं पडलं की हवेशी संयोग होऊन त्यातला हजारो वर्षांचा कर्ब वायू होऊन बाहेर पडतो. जगाच्या जमिनीपैकी फक्त तीनेक टक्के जमीन पीटखाली आहे, पण तिच्यात साठलेला कर्ब साऱ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त भरतो. म्हणून एस्टोनियात आता अनेक ठिकाणी जुने चर बुजवून पाणी पुन्हा अडवलं जातं. दुसरीकडे, रोपवाटिकांसाठी पीटची निर्यातही हाच देश जोरात करतो. आपल्याकडच्या रोपवाटिकांचं काम नारळाच्या काथ्यापासून केलेल्या कोकोपीटवर भागतं, युरोपात मात्र अजून खऱ्या पीटला मागणी आहे.

कधी जावं? जूनमध्ये रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, पण डासही असतात. सप्टेंबर सगळ्यात सुखाचा, शेवाळ लाल होतं आणि डास सरतात. डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा सकाळची बस धरावी. पावसात आणि थंडीत फळ्या निसरड्या होतात. सगळीकडे कठडा नाही, म्हणून चपला नकोत, घट्ट पकडीचे बूट हवेत. घरी परतल्यावर पाय तपासा, एस्टोनियातल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यातून मेंदूज्वर पसरतो.

एवढा वेळ नसेल तर टॅलिनच्या हद्दीतच पेएस्क्युला दलदल आहे. केशरी रंगाच्या लोकलगाडीने पेएस्क्युला स्थानकावर उतरून चालत जाता येतं. तिथेही फळ्यांची वाट आहे, पण शहराच्या शेजाराने ती दलदल बरीच कोरडी पडली आहे. दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर वीरूच निवडा. हेलसिंकीहून बोटीने दोन तासांत टॅलिनला येणाऱ्यांनाही एका दिवसात हे जमतं. निघण्याआधी परतीच्या बसची वेळ बघून ठेवा, शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि बस येताना दिसली की हात दाखवा, नाहीतर ती थांबेलच असं नाही.