अर्धा हंगाम, पुरी शिक्षा?

लासलगावात लिलाव मध्येच बंद पडला, तर उरलेल्या ट्रॅक्टरांतल्या कांद्याचा भाव आधीच्या बोलीवरून कुणी ठरवीत नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे आय-लीग फुटबॉल २८ सामने बाकी असताना थांबली. मोहन बागानने ३९ गुणांसह अजिंक्यपद आधीच मैदानात पक्के केले होते, ते दिले. खाली मात्र कुणालाही ढकलले नाही. वर कोण येणार, हे ऑक्टोबरमध्ये पाच संघांना खेळवून ठरले. मोहम्मेडन स्पोर्टिंग वर आला. आमच्या मते हाच न्याय. फ्रान्समध्ये दहा फेऱ्या उरल्या असताना, केवळ चार गुणांनी मागे असलेल्या आमियाँला खाली ढकलले. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जूनमध्ये स्थगिती दिली, तरी लीगच्या आमसभेने बहुमताने तेच केले! बाजू न ऐकता शिक्षा देण्याचा अधिकार बहुमताला कुणी दिला?