स्वगतीचे अध्ययन आणि समाजमाध्यमे
केलर, शर्मन, बोरी व आझी यांनी योजलेल्या व्यक्तिगत अध्यापनपद्धतीचा प्रयोग १९६४ साली ब्राझीलिया विद्यापीठात झाला. अभ्यासक्रमाचे लहान घटक पाडावयाचे. विद्यार्थ्याने ते आपल्या गतीने अभ्यासावयाचे. मात्र एका घटकावर प्रभुत्व सिद्ध झाल्याखेरीज पुढील घटक मिळावयाचा नाही. चाचणी तपासणारा सहायक हाही विद्यार्थीच असे. चूक कशी झाली, हे तो समोरासमोर विचारी, आणि पद्धतीचे मर्म बहुतांशी याच संभाषणात होते. व्याख्यानास तीत गौण स्थान होते. आज व्हॉट्सअ‍ॅपवरील अभ्यासगटात सहाध्यायी सदैव हजर असतो खरा. तथापि शंका पुरती मांडली जाण्यापूर्वीच तयार उत्तराचे छायाचित्र येऊन पडते. विचारणाऱ्याचे अडले कोठे, हे कोणासच उमगत नाही. बहुधा त्यालाही नाही. उत्तर देण्यापूर्वी त्याची अर्धवट मांडणी मागविली, तर सहायकाचे कार्य गटात काही अंशी साधू शकेल.