कनेक्शन कोणी अडवले?

निकालाचे किंवा तिकिटांचे संकेतस्थळ ऐन वेळी अडते. पडद्यावर चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘टाइमआउट’चा संदेश येतो. गर्दीने सर्व्हर दमला असेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशा वेळी डेटाबेसचा सर्व्हर पुष्कळदा निवांत असतो.

डेटाबेसशी दर वेळी नवे कनेक्शन जोडणे महाग पडते. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. म्हणून अ‍ॅप्लिकेशन काही कनेक्शन्स आधीच जोडून ठेवते. हाच कनेक्शन पूल. तासावर सायकली देणाऱ्या दुकानासारखा त्याचा व्यवहार: घ्या, काम उरका, परत करा. जावामधल्या ‘हिकारीसीपी’ या प्रचलित पूलमध्ये वेगळे काही ठरवले नसेल, तर जास्तीत जास्त 10 कनेक्शन्स असतात. सगळी गुंतली, तर नवी विनंती 30 सेकंद वाट पाहते आणि मग हात हलवत परतते.

किती कनेक्शन्स पुरतील? जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कामी येतो: सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. सेकंदाला 200 विनंत्या आणि प्रत्येकीला 20 मिलिसेकंद, तर सरासरी चारच कनेक्शन्स गुंततात. एखादा इंडेक्स नसल्याने तीच क्वेरी 200 मिलिसेकंद घेऊ लागली, की 40 लागतात. गर्दी तेवढीच, तरी पूल रिकामा.

मग शोध घ्यायचा तो कनेक्शन अडवणाऱ्याचा. पोस्टग्रेसच्या ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ यादीत प्रत्येक कनेक्शनची अवस्था दिसते. बराच वेळ ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल, तर क्वेरी संथ आहे किंवा कुलपात (लॉकमध्ये) अडकली आहे. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसले, तर ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून कोड भलतीकडेच गुंतला आहे. बहुधा पेमेंट गेटवेसारख्या बाहेरच्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत. डेटाबेस ‘आयडल’ म्हणतो आणि पूल मात्र ‘वापरात’ म्हणतो, तेव्हा गळतीचा संशय घ्यावा: कोडमध्ये चूक उद्भवली आणि कनेक्शन परत करायचे राहून गेले.

पूल मोठा करणे हा सोपा मोह. पण पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शन्सची आहे. अ‍ॅप्लिकेशनच्या दहा प्रती आणि प्रत्येकीचा पूल 20 चा, म्हणजे मागणी 200 वर गेली. शिवाय गळती असेल, तर मोठा पूल फक्त थोडा उशिरा रिकामा होतो. तेव्हा आकडा वाढवण्याआधी कनेक्शन कोण, किती वेळ धरून बसले आहे ते मोजा. दुरुस्तीची जागा बहुतेक वेळा तिथेच सापडते.