कापड थांबतं, मशीन चालतं
घरासाठी लाँगआर्म क्विल्टिंग मशीन निवडताना

१९८९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पडूका गावी, अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘कोरोना टू : सोलर एक्लिप्स’ या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मशीनवर टाके घातलेल्या क्विल्टला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळत होता. हातटाक्याच्या कैवाऱ्यांना तो रुचला नाही. आज ते क्विल्ट पडूकाच्याच राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात आहे आणि मशीनला कमी लेखण्याचे दिवस सरले आहेत. आता प्रश्न आहे, घरी कोणतं मशीन घ्यावं?

क्विल्टचे थर तीन : वरचं जोडकाम, मधलं भरण आणि खालचं अस्तर. घरगुती शिलाई मशीनवर सुईपासून खांबापर्यंत साधारण ६ ते ११ इंच जागा असते. डबलबेडचं क्विल्ट गुंडाळून तेवढ्यातून सरकवताना खांदे भरून येतात. लाँगआर्मवर तिन्ही थर फ्रेमच्या रुळांवर ताणून बसवतात आणि मशीनच दोन्ही हँडल धरून, चाकांवर फिरवतात. गोधडी जमिनीवर पसरून बाई तिच्याभोवती सरकत धावदोरा घालते, त्याच जातीचं हे काम.

मिसुरीतली गॅमिल, आयोवातली एपीक्यूएस ही या धंद्यातली जुनी नावं. दुसऱ्यांची क्विल्टं चौरस इंचाच्या दराने शिवून देणाऱ्या व्यावसायिकांत ती रुजली. युटाच्या हँडी क्विल्टरने मात्र सुरुवातच घरच्या मशीनला जोडायच्या फ्रेमपासून केली. आज किमती काही हजार डॉलरपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत जातात, म्हणून निवडीचा क्रम चुकवू नये.

पहिली मोजायची ती खोली. फ्रेम ८, १० किंवा १२ फुटांची मिळते, पण शिवता येणारी रुंदी त्याहून दीड-दोन फुटांनी कमी भरते. क्वीन आकारापर्यंतच्या कामाला १० फुटी फ्रेम पुरते. किंग आकार नेहमीचा असेल तर १२ फुटी बरी. कागदावरची नक्षी लेझरच्या ठिपक्याने गिरवायची असेल तर मशीनच्या मागे उभं राहावं लागतं, म्हणजे फ्रेमच्या पुढे-मागे दोन्हीकडे वावरायला जागा हवी.

मग मशीनचा हात. १८ इंची मशीनवर १८ इंच उंचीची नक्षी बसत नाही, कारण शिवून झालेला भाग गुंडाळला जातो तो याच हाताखाली. हिशेब करून पाहा : २ इंच व्यासाचा रूळ, ११० इंच लांबीचं क्विल्ट आणि तिन्ही थरांची जाडी मिळून पाव इंचाची निम्मी. शेवटाला गुंडाळी साधारण साडेचार इंच जाड होते. दाबपट्टीभोवतीची जागा सोडली की हाताशी १२ ते १३ इंच उरतात. मोठी क्विल्टं करणाऱ्यांनी २० ते २४ इंचांकडे बघावं ते यासाठी. बाळाच्या दुपट्याएवढं काम असेल तर जास्तीच्या इंचांना पैसे मोजू नयेत.

ज्यावर काटकसर करू नये ती गोष्ट म्हणजे स्टिच रेग्युलेटर. चाकांवरचे सेन्सर मशीन किती सरकलं ते मोजतात आणि सुईचा वेग त्याला जुळवतात. हात घाईने फिरला काय, कोपऱ्यात रेंगाळला काय, ठरवलेले इंचाला दहा टाके दहाच पडतात. रेग्युलेटर नसला की सरळ रेषेत लांबट टाके पडतात आणि वळणावर बारीक टाक्यांची गर्दी होते.

कॉम्प्युटरवर चालणारी जोडणी स्वतः नक्षी शिवते. ऑर्डरी घेणाऱ्याला ती फायद्याची. पण ज्याला आपल्या हाताची रेघ क्विल्टवर उमटायला हवी आहे, त्याने आधी हाताने शिकावं. ही जोडणी पुढे बसवता येते का, एवढं खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावं. फ्रेमला जागाच नसेल तर टेबलात बसवलेलं, बसून चालवायचं लांब हाताचं मशीनही मिळतं. त्यात कापड मात्र आपल्यालाच फिरवावं लागतं.

दुकानात जाताना आपलं भरण आणि आपला दोरा सोबत न्यावा. आठचा आकडा काढावा, मग कापडाची खालची बाजू बघावी. वळणावर खालचा दोरा सरळ पडून वरच्या दोऱ्याचे फासे त्यावर दिसत असतील, तर वरचा ताण सैल आहे. तो विक्रेत्यासमोरच जुळवून घ्यावा आणि जुळवायला शिकूनही घ्यावं. दुरुस्ती किती लांब, सुटे भाग कुठे मिळतात, हेही तेव्हाच विचारावं. अमेरिकेतून मशीन भारतात आणणाऱ्यांनी ते २३० व्होल्टवर चालतं का याची खात्री करावी.

महागडं मशीन चांगलं क्विल्ट करत नाही. ज्यावर आठवड्यातून चारदा उभं राहावंसं वाटतं ते करतं. म्हणून आधी खोली, मग आपल्या क्विल्टचा आकार, मग रेग्युलेटर आणि जवळचा मेकॅनिक. कॉम्प्युटरची पाळी शेवटी. या क्रमाने निवडलेलं लहान मशीनसुद्धा वर्षानुवर्षं साथ देतं.